विश्लेषण : नवी स्वस्त झाली, मग जुनी सात आसनी गाडी कितीला घ्यावी?

आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुले आणि गणपतीला गावी जाताना सोबत येणारी आत्या. अशा घराला पाच आसनी गाडी पुरत नाही आणि नवी सात आसनी गाडी अनेकदा परवडत नाही. त्यामुळे एर्टिगा, ट्रायबर, कॅरेन्स किंवा इनोव्हा ‘सेकंड हँड’ घेण्याकडे ओढा असतो. मात्र गेल्या काही वर्षांत नव्या गाड्यांवरील जीएसटी, जुन्या गाड्यांच्या व्यवहारावरील कर, इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि दिल्लीतील जुन्या वाहनांवरील निर्बंध या चार गोष्टींनी जुन्या गाडीचा हिशेब बदलला आहे. जुन्या भावावर विसंबून व्यवहार करणाऱ्या कुटुंबाला त्याचा फटका बसू शकतो.

जुन्या बाजारात सात आसनी गाडीला इतकी मागणी का?

परदेशात ज्याला ‘मिनीव्हॅन’ म्हणतात, तशी सरकत्या दाराची कौटुंबिक गाडी भारतात फारशी रुजली नाही. मारुतीची ओम्नी १९८४ ते २०१९ अशी ३५ वर्षे रस्त्यावर होती आणि तिची जागा ईकोने घेतली. पण या दोन्ही गाड्या घरापेक्षा व्यवसायासाठी जास्त वापरल्या गेल्या. मोठ्या कुटुंबाची गाडी म्हणून नाव झाले ते २००५ मध्ये आलेल्या टोयोटा इनोव्हाचे आणि २०१२ मध्ये आलेल्या मारुती एर्टिगाचे. त्यानंतर २०१९ मध्ये चार मीटरच्या आत सात जणांना बसवणारी रेनॉ ट्रायबर आणि २०२२ मध्ये किया कॅरेन्स आली. उद्योगातील अंदाजानुसार देशात दरवर्षी नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्यांचे व्यवहार जास्त होतात.

सात आसनी गाड्यांना दोन प्रकारचे गिऱ्हाईक असते. एक घरगुती आणि दुसरे टूरवाले. एकाच गाडीसाठी दोघेही रांगेत असल्याने तिचा भाव लवकर उतरत नाही. जुन्या इनोव्हाची किंमत ऐकून अनेकांना धक्का बसतो, त्याचे कारण हेच. या दुहेरी मागणीची दुसरी बाजू अशी की, घरगुती म्हणून विकायला आलेली गाडी काही वर्षे भाड्याने फिरलेली असण्याची शक्यता याच प्रकारात सर्वाधिक असते.

जीएसटी कपातीने हिशेब कसा बदलला?

जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये गाड्यांचे दर बदलले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के कर ठरला. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के कर लागू झाला आणि आधीचा उपकर रद्द झाला. सात आसनी गाड्यांच्या बाबतीत या बदलाचा परिणाम सारखा नाही.

ट्रायबर चार मीटरच्या आत आणि एक लिटर इंजिनाची आहे. तिच्यावर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता, तो १८ वर आला. करपूर्व किंमत ६ लाख धरली तर पूर्वी ती ७ लाख ७४ हजारांना पडत होती, आता ७ लाख ८ हजारांना पडते. म्हणजे सुमारे साडेआठ टक्के घट. एर्टिगा किंवा कॅरेन्स यांसारख्या चार मीटरपेक्षा लांब, दीड लिटरच्या गाड्यांवर ४५ ऐवजी ४० टक्के कर झाला. तिथे घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे. इनोव्हा क्रिस्टासारख्या मोठ्या गाडीवर ५० टक्के कर होता. तो ४० झाल्याने किंमत साडेसहा टक्क्यांहून थोडी अधिक उतरली.

जुन्या गाडीचा भाव नव्या गाडीच्या सावलीत ठरतो. नवी गाडी ६६ हजारांनी स्वस्त झाली, तर दोन-तीन वर्षे जुन्या गाडीचा भाव पूर्वीइतकाच राहण्याला आधार उरत नाही. हा परिणाम सर्वात जास्त ट्रायबरवर आणि सर्वात कमी एर्टिगावर होणे अपेक्षित आहे. गाडी जितकी जुनी, तितका तो फिका होत जातो. म्हणूनच दोन-तीन वर्षांची गाडी घेण्याआधी त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ‘ऑन रोड’ किंमत विचारून घेणे आवश्यक ठरते. विक्रेत्याने स्वतः किती मोजले होते, हा प्रश्न आता गौण आहे. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा सहसा जास्त असतो, हेही यात धरावे लागते. हप्त्यांची बेरीज केली की दोन वर्षांची जुनी गाडी आणि नवी गाडी यांतले अंतर कधी कधी नगण्य उरते.

जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी कोण भरतो?

जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत सर्व प्रकारच्या जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के हा एकच दर सुचवला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो लागू झाला. त्याआधी लहान गाड्यांना १२ टक्के दर होता. या निर्णयानंतर ‘जुनी गाडी तोट्यात विकली तरी कर भरावा लागणार’ असा गैरसमज मोठ्या प्रमाणावर पसरला.

प्रत्यक्षात हा कर नोंदणीकृत व्यावसायिकाला लागू होतो आणि तोही त्याच्या नफ्याच्या फरकावर. एखाद्या डीलरने ६ लाखांना घेतलेली गाडी साडेसहा लाखांना विकली, तर ५० हजारांच्या फरकावर १८ टक्के म्हणजे ९ हजार रुपये कर होतो. फरक नसेल तर कर नाही. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहाराला हा कर लागत नाही. त्यामुळे साडेसहा लाखांच्या पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा सांगणाऱ्या विक्रेत्याकडे बिल आणि हिशेब मागणे योग्य ठरते.

डिझेल, पेट्रोल की सीएनजी?

याचे उत्तर वर्षाला किती किलोमीटर होणार, यावर अवलंबून आहे. समजा गाडी वर्षाला १० हजार किलोमीटर चालणार आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि प्रत्यक्ष मायलेज १४ धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ७४ हजार रुपये होतो. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोमागे २२ किलोमीटर धरले, तर तो सुमारे ३६ हजार होतो. मोठी डिझेल गाडी लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले, तर खर्च ७५ हजार होतो. म्हणजे एवढ्याच वापरासाठी मोठी डिझेल गाडी घेतल्याने इंधनात काही वाचत नाही. तिचा फायदा लांब पल्ल्याच्या, भरल्या गाडीने घाट चढण्याच्या प्रवासात आहे.

डिझेलबाबत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगात चालावी लागते. रोज शाळा, भाजी मंडई आणि स्टेशन एवढ्याच फेऱ्या असतील, तर तो तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. मारुतीने तर २०२० मध्ये डिझेल इंजिनच बंद केले, त्यामुळे डिझेल एर्टिगा घ्यायची तर ती त्याआधीचीच मिळते.

पेट्रोल गाडीत प्रश्न इथेनॉलचा आहे. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित, म्हणजे ई-२० पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला अनुरूप आहेत. त्याआधीच्या गाड्यांत मायलेज थोडे घटते आणि रबरी नळ्या, वॉशर यांच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. जुनी गाडी यामुळे बाद होत नाही, पण २०२२ आणि २०२३ च्या दोन सारख्या गाड्यांत निवड करायची असेल तर हा फरक भावात दिसायला हवा.

सीएनजीचा हिशेब कागदावर सर्वात आकर्षक आहे. मात्र एर्टिगात सीएनजीची टाकी तिसऱ्या रांगेमागील जागा व्यापते. सात माणसे बसली की सामान टपावर जाते. कंपनीने बसवलेले किट असेल तर ते आरसी बुकात नोंदलेले असते. बाहेरून बसवलेले किट नोंदलेले नसेल, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो. टाकीची दर तीन वर्षांनी दाब चाचणी करावी लागते. तिची तारीख टाकीवरील पट्टीवर असते.

‘दिल्ली पासिंग’ गाडी स्वस्त का मिळते?

दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने त्यांची सुरुवात केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली आणि काही दिवसांतच ती थांबवावी लागली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कठोर कारवाईला तात्पुरती मनाई केली. पण या साऱ्या अनिश्चिततेत तिथल्या मालकांनी सुस्थितीतील डिझेल गाड्याही पडत्या भावात काढल्या. त्यातल्या अनेक गाड्या महाराष्ट्रासह इतर राज्यांत येतात.

इथे स्वस्त दिसणारी किंमत अपुरी असते. परराज्यातील गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची, तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून इथे नव्याने नोंदणी करावी लागते. गाडीच्या वयानुसार रस्ता कर इथे पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रात डिझेल गाडीवरील कर पेट्रोलपेक्षा जास्त आणि सीएनजीवरील कर सर्वात कमी आहे. पहिल्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा मिळतो, पण त्यासाठी तिथे अर्ज करून पाठपुरावा करावा लागतो. तो परतावा मूळ मालकाच्या नावे निघतो. थकीत दंड असेल तर एनओसीच अडते. त्यामुळे एनओसी हातात येण्याआधी पूर्ण पैसे देणे धोक्याचे आहे.

भाड्याने फिरलेली किंवा पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. गाडीची झीज लपवणे त्याहून कठीण असते. ५० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग गुळगुळीत झालेले, ब्रेकच्या पेडलचे रबर झिजलेले आणि चालकाच्या आसनाची कड बसलेली असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. सात आसनी गाडीत आणखी एक खूण असते. घरगुती गाडीत तिसरी रांग क्वचित वापरली जाते, त्यामुळे ती जवळपास नव्यासारखी राहते. मधल्या आणि मागच्या रांगेची झीज चालकाच्या आसनाइतकीच असेल, तर ती गाडी बहुधा प्रवासी वाहतुकीत होती.

प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची वेगमर्यादा घालणारे यंत्र बसवावे लागते. पांढऱ्या पाटीच्या गाडीत ते यंत्र किंवा ते काढल्याच्या वायरी सापडल्या, तर गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची होती असे समजावे. टॅक्सीची खासगी नोंदणी करून घेणे बेकायदा नाही. परवाना परत करून आणि कराचा फरक भरून ती करता येते. फक्त तशा गाडीला घरगुती गाडीचा भाव देऊ नये. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदणी क्रमांकावरून सर्व्हिसचा इतिहास मिळतो. प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी नोंदलेले किलोमीटर क्रमाने वाढत गेले आहेत का, एवढे पाहिले तरी बरेच काही कळते.

पुराचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. सांगली-कोल्हापूरला ऑगस्ट २०१९ मध्ये आणि चिपळूणला जुलै २०२१ मध्ये हजारो घरे पाण्यात गेली, तशाच दारातल्या गाड्याही. अशा गाड्या स्वच्छ होऊन दूरच्या शहरांत विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर गढूळ रेषा दिसू शकते. आसनांच्या खालच्या रुळांना गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळलेला गाळ, गालिच्याखाली कुबट वास आणि हेडलाइटच्या आत धुके या बाकीच्या खुणा. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीत खारी हवा खालचा पत्रा खाते. त्यामुळे गाडी रॅम्पवर किंवा जॅकवर चढवून खालून पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. ओळखीचा मेकॅनिक सोबत नेण्याचा खर्च इथे वसूल होतो.

कोणती गाडी कोणत्या घराला सोयीची?

चार-पाच माणसांचे घर आणि वर्षातून काही दिवसच सात जण, असे असेल तर ट्रायबर पुरेशी ठरते. तिची तिसरी रांग काढून घरी ठेवता येते आणि मग ६२५ लिटरची जागा मिळते. सातही आसने लावली की मात्र सामानाला ८४ लिटर, म्हणजे दोन-तीन पिशव्यांपुरती जागा उरते. एक लिटरचे, ७२ पीएसचे इंजिन सात जणांना घेऊन आंबोली किंवा वरंधा घाट चढताना दमते.

सहा-सात माणसे नियमित प्रवास करणार असतील, तर २०१८ नंतरची दुसऱ्या पिढीची एर्टिगा बहुतेकांच्या खिशाला आणि गरजेला जुळते. सातही आसने लावून २०९ लिटर जागा, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि तालुक्याच्या गावातही होणारी दुरुस्ती ही तिची बलस्थाने. २०२२ च्या बदलात तिला नवे इंजिन आणि चार ऐवजी सहा गिअरचे ऑटोमॅटिक मिळाले. त्यामुळे ऑटोमॅटिक हवी असेल, तर २०२२ नंतरची पाहणे सयुक्तिक. कॅरेन्स अधिक ऐसपैस आहे आणि सुरुवातीपासून सर्व प्रकारांत सहा एअरबॅग आहेत. ती २०२२ मध्ये आल्याने जुन्या बाजारात वयाने लहान आणि किमतीने चढी आहे.

इनोव्हा क्रिस्टा २०१६ पासूनची. सातही आसनांनंतर ३०० लिटर जागा, भक्कम चासी आणि लाखो किलोमीटर चालण्याची ख्याती. गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना मात्र तिच्या उंच पायरीवर चढणे जड जाते. गाडी पाहायला जाताना आजी-आजोबांना सोबत नेऊन प्रत्यक्ष बसवून पाहणे हाच त्यावरचा उपाय आहे. तिसऱ्या रांगेत कोण बसणार, त्यालाही तिथे दहा मिनिटे बसवावे. कागदावरचा ‘सात आसनी’ हा शब्द तिथेच खरा-खोटा ठरतो.

बंद झालेल्या गाड्या सर्वात स्वस्त मिळतात. शेव्हरोले एन्जॉय, होंडा मोबिलिओ, रेनॉ लॉजी, डॅटसन गो प्लस आणि महिंद्रा मराझो ही त्यांची उदाहरणे. यातही फरक करावा लागतो. कंपनी देशात असेल तर इंजिनाचे सामान्य भाग मिळत राहतात. शेव्हरोले आणि डॅटसन हे दोन्ही ब्रँड भारतातून गेले आहेत. अशा गाडीची काच फुटली किंवा बंपर तुटला, तर भागासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागू शकते. पुढे विकतानाही तेच कारण आडवे येते.

सुरक्षेचे तारे कसे वाचावेत?

ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी एर्टिगाला २०१९ मध्ये तीन, ट्रायबरला २०२१ मध्ये चार आणि कॅरेन्सला २०२२ मध्ये तीन तारे मिळाले. त्यानंतर जुलै २०२२ मध्ये चाचणीचे निकष कडक झाले. नव्या निकषांनुसार आफ्रिकेच्या बाजारासाठी भारतात बनलेल्या एर्टिगाला एक आणि ट्रायबरला दोन तारे मिळाले. म्हणजे जुने चार तारे आणि नवे चार तारे यांची तुलना होत नाही. जुन्या गाडीच्या जाहिरातीत तारे दिसले, तर चाचणीचे वर्ष आधी पाहावे.

वर्षाचा दुसरा उपयोगही आहे. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांना बंधनकारक झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्यामुळे २०२२ किंवा त्यानंतर बनलेल्या सर्वात स्वस्त प्रकारातही दोन एअरबॅग असतात, तर २०१५ च्या स्वस्त प्रकारात एकही नसू शकते. तिसऱ्या रांगेच्या पाठीमागे धडक झेलणारी जागा कमी असते आणि घरात तिथे सहसा मुलेच बसवली जातात. त्या रांगेतील प्रत्येक आसनाचा पट्टा खेचून, लावून पाहणे आणि डोके टेकायचा आधार जागेवर आहे की नाही हे तपासणे, एवढे तरी केलेच पाहिजे.

कागदपत्रांत फसगत कुठे होते?

सर्वात मोठी चूक म्हणजे टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी नावावर न करता वापरत राहणे. मोटार वाहन कायद्यानुसार विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहाराची माहिती १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की, अपघात झाल्यास आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक ठरतो. म्हणजे नाव न बदलल्याची किंमत विक्रेत्यालाही मोजावी लागते. एप्रिल २०२३ पासून अधिकृत जुन्या वाहन विक्रेत्यांसाठी वेगळी नोंदणी आणि फॉर्म २९-क आला. त्यामुळे गाडी डीलरच्या ताब्यात असतानाची जबाबदारी त्याच्यावर येते. डीलरकडे असे अधिकारपत्र आहे का, हे विचारणे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय तो उतरत नाही. विम्याचेही तसेच. थर्ड पार्टी संरक्षण गाडीबरोबर येते, पण पॉलिसी स्वतःच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. तो न केल्यास गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता वाढतो. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांक पाटी बसवलेली आहे का, ई-चलन थकले आहे का आणि फास्टॅग आधीच्या मालकाच्या नावे बंद झाला का, हे तीन प्रश्न व्यवहारापूर्वीच मिटवावेत.

मग किंमत ठरवायची कशी?

जुनी गाडी घेणे म्हणजे तिची उरलेली वर्षे विकत घेणे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणी, नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. नूतनीकरणाचे शुल्क २०२२ पासून पाच हजार रुपये आहे आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये १० हजार झाले. म्हणजे १५ वर्षांनंतर गाडी महाराष्ट्रात बंद होत नाही, पण तिचे पुढचे आयुष्य खर्चिक आणि अनिश्चित असते.

समजा २०१५ ची डिझेल गाडी ६ लाखांना आणि २०२० ची पेट्रोल गाडी ९ लाखांना मिळते. २०२६ मध्ये पहिलीची साधारण चार आणि दुसरीची नऊ वर्षे उरतात. वर्षाला पहिली दीड लाखाला आणि दुसरी एक लाखाला पडते. त्यात टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन असा पहिल्या वर्षीचा खर्च मिळवला, तर जुन्या गाडीचे पारडे आणखी जड होते. शेवटी विकून येणारी रक्कम वजा करता येईल. तिथेही बीएस-६ गाडीची बाजू उजवी राहील, कारण शहरांतील पुढचे निर्बंध आधी जुन्या मानकांच्या गाड्यांवर येतात, हे दिल्लीने दाखवून दिले आहे.

हा हिशेब प्रत्येक वेळी नव्या गाडीच्या बाजूने झुकेल असे नाही. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या, एकाच कुटुंबाने वापरलेल्या, सर्व्हिसची नोंद असलेल्या सहा-सात वर्षांच्या एर्टिगाला आजही तोड नाही. मात्र तिचा भाव ठरवताना विक्रेत्याने चार वर्षांपूर्वी शेजाऱ्याची गाडी कितीला गेली ते सांगितले, तर ते ऐकून सोडून द्यावे. आजची नवी किंमत, उरलेली वर्षे आणि पहिल्या वर्षीचा दुरुस्ती खर्च हे तीन आकडे एका कागदावर मांडून मगच विसार द्यावा.